जलपर्णी सरकली तेव्हा

वरच्या बंधाऱ्याची दारं उघडली त्या दिवशी माझे वडील नदीत होते. जलपर्णीचा कुजका वास आला की मला सोनपेठजवळचा तो काठ दिसतो. पाणी वाहायचं थांबल्यापासून जलपर्णीनं सगळं पात्र झाकलं होतं. ती उपटून अण्णा मांडीभर पाण्यात, पूर्वी तिथं उगवणाऱ्या पाणकणसाची रोपं पुन्हा लावत होते. मी काठावर बाभळीखाली वाचत बसले होते. एकाएकी तो हिरवा थर हलला. "अण्णा, जलपर्णी सरकायलीय!" "वाऱ्यानं सरकायली असंल. लय भित्री हायेस पोरी, वाच आपलं पुस्तक!" ते हसले. मी वर पाहिलं. बाभळीचं पानही हलत नव्हतं. मी ओरडले, तोवर थर त्यांच्या छातीला भिडला आणि त्यांना घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह सापडला. रोपं सापडली नाहीत. आता तिथं जलपर्णीच आहे.