कुठला अर्धा?

सीमावाद पेटला होता, तेव्हाची गोष्ट. जतहून मिरजेला निघालेली आमची बस आंदोलकांनी अडवली. एक तगडा कार्यकर्ता आत चढून ओरडला, "कन्नड बोलणारे खाली उतरा!"

पुढच्या बाकावर दवाखान्याला निघालेलं कानडी जोडपं बसलं होतं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. माझ्या शेजारची म्हातारी मात्र मांडीवरची शेंगांची टरफलं झटकून उठली आणि त्याच्या आडवी उभी राहिली.

"माझं म्हायेर कानडी, सासर मराठी. सांग लेकरा, माझा कुठला अर्धा उतरवू?"

गाडीत हशा पिकला. तोही हसला. "बसा आजी."

"बसते. पन ह्यास्नी दवाखान्यात जायाचंय. तू उतर, म्हंजी गाडी सुटंल."

तो खरंच उतरला. मिरजेपर्यंत म्हातारी त्या जोडप्याशी कानडीत गप्पा मारत होती. मला अक्षर कळलं नाही. तिच्याकडे बघायची लाज तेवढी वाटत राहिली.