हरमलच्या बाटल्या आणि माझी फुगडी

"आयर्न डेफिशियन्सी अ‍ॅनिमिया," डिचोलीच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या. म्हणजे अंगात लोह कमी, म्हणून रक्त कमी, म्हणून थकवा. आमच्या यांनी खनिजाच्या ट्रकवर जन्म काढलेला. म्हणाले, "मी बोटी भरभरून लोखंड ओढलं, आणि घरात एवढंसं नाही?"

मला हसू येईना. गणपतीच्या चवथीला दोन-तीन महिने उरले होते, आणि मयेला आमच्या वाड्यावर फुगडीला पहिला हात धरते ती मी. सत्तरीला आले तरी तो मान कुणाला दिलेला नाही. आता मात्र चुलीपासून तुळशीपर्यंत गेले तरी धाप लागायची.

"आणखी काय घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी पिशवी टेबलावर उपडी केली.

माझी धाकटी बहीण सुमन हरमलला पर्यटकांना खोल्या देते. ते जाताना डबे-बाटल्या टाकून जातात. "फॉरेनरांचं ते, ताकदीचंच असणार गो बाय!" म्हणून ती मला पाठवायची. फुकट कशाला घालवा? हिरवी पावडर खाल्ली, माशाच्या तेलाच्या गोळ्या खाल्ल्या. रशियन अक्षरांची एक बाटली तर मला फारच मानवली. केस कसे तुकतुकीत झाले होते!

नर्सने त्या बाटलीवर मोबाईल धरला आणि तोंडावर हात ठेवला. "आजी, हे कुत्र्यांचं व्हिटॅमिन. लव चमकायला."

घरी पोचेपर्यंत हे मला "यू यू" करत होते. यांना काही लाज!

मग पोटाची तपासणी झाली. या वयात रक्त कमी झालं तर ते जातं कुठे, हे बघावं लागतं. रिपोर्ट येईपर्यंत यांनीही "यू यू" केलं नाही. वाईट काही निघालं नाही, तेव्हा देवापुढे नारळ ठेवला.

लोहाच्या गोळ्या मी आधी चहाबरोबर घेत होते. चहा लोह अंगी लागू देत नाही म्हणे! मग लिंबाच्या पाण्याबरोबर घेऊ लागले. आणि हो, परसाकडे काळं होतं, घाबरू नका. मी सगळं घर जागं केलं होतं.

चवथीला सुमन आली, हातात पुन्हा पिशवी. "बाय, ह्यावर कुत्रा नाही, मी बघितलंय!"

पिशवी बाजूला ठेवून मी तिचे हात धरले आणि गरागरा फिरले. देवाची आणि डॉक्टरीणबाईंची कृपा, दम लागला नाही. लागला तो सुमनला. मटकन खाली बसली. "हल्ली असंच होतं गो," म्हणाली.

बायका हसल्या. मला हसवेना. चवथ उरकल्यावर तिला डिचोलीला नेलं, रक्त तपासायला. पिशवी तिच्याच हातात दिली, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडी करायला.