इत्सुयो मासळीवाली आणि तिची सुबारू

इत्सुयोनं गाडीचा हँडब्रेक ओढला, आणि तोही असा तसा नाही. जाळं बोटीवर घ्यावं तसा, दात-ओठ खाऊन, शेवटच्या करकरीपर्यंत. मग गाडीला कुलूप लावून, अंगावरचं बर्फ झटकून ती मुक्कामाला उतरली होती त्या किनुएआजीच्या घरात शिरली, गरम गरम मुळ्याचं सार प्यायली आणि गाढ झोपली. एवढं चोख काम केल्यावर माणसाला झोप लागणारच.

सकाळी गाडी जागची हलेना.

समुद्रकाठच्या माणसाचं यात काय चुकलं, हे समुद्रकाठच्या माणसाला कधीच कळायचं नाही. इत्सुयोच्या गावात, इसोझाकीत, घरं उतारावर आणि उताराच्या पायथ्याशी थेट बंदर. तिथं ब्रेक न ओढता गाडी उभी केली की ती मासे आणायला स्वतःच जाते. पण इथं, गास्सान डोंगराच्या कुशीत, उलटा कायदा. हिवाळ्यात ब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा आणि काचेवरचे वायपर उभे करून ठेवायचे. ब्रेक ओढला तर दिवसभर चिखल-बर्फ तुडवून ओली झालेली चाकं रात्रीत गोठून बसतात. इथल्या, तानाझावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. इत्सुयोनं वायपरही उभे केले नव्हते, ते काचेला चिकटले होते ते वेगळंच.

"समुद्रावरची माणसं," किनुएआजीचा धाकटा दीर गेनपाची गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नांगर टाकल्याशिवाय काही झोपत नाहीत."

"भाऊजी, थट्टा मग करा. आज तारीख काय आहे?" इत्सुयो म्हणाली.

तारीख सगळ्यांनाच ठाऊक होती. डिसेंबरची नऊ, दाइकोकू देवाची रात्र. पाठीवर पोतं घेतलेल्या या लठ्ठ, हसऱ्या देवाचं त्या रात्री लग्न असतं. नवरी म्हणून त्याच्यापुढं दोन पायांचा मुळा ठेवतात, काळ्या दाण्यांचा भात ठेवतात, आणि मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, फासून भाजलेली हाताहाता ठेवतात. हाताहाता ही मासळी. हातोहात खपते म्हणून हे नाव पडलं असेल असं आपल्याला वाटेल. तसं नाही, पण खपायची मात्र तशीच. हिवाळ्यात समुद्रावर ढग गडगडले की ती किनाऱ्याला येते, पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, घेऊन. घरात माणशी एक गाबोळीची हाताहाता, हा शोनाई भागातला रिवाज. देवाच्या लग्नाला हाताहाता नाही म्हणजे लग्नाला वरण नाही.

आणि ही मासळी डोंगरात पोचवायचं काम इत्सुयोचं. मासळीवालीची घरं, म्हणजे ठरलेली गिऱ्हाइकं, तिकडं सासूकडून सुनेकडं येतात, जशी इकडं पाटल्या-बांगड्या येतात. इत्सुयोची सासू तोमे हिनं ही घरं पायांनी कमावली होती. पाठीवर टोपली, कमरेत वाकलेली. आगगाडीनं पायथ्यापर्यंत आणि पुढं बर्फातून चालत. गुडघे गेले तेव्हा तिनं सुनेला समोर बसवून सांगितलं, "एरवी चार दिवस चुकलीस तरी चालेल. दाइकोकूची मासळी चुकायची नाही. ती चुकली की घर गेलं समज."

त्या वर्षी, म्हणजे शोवा राजवटीच्या छपन्नाव्या वर्षी, आपल्या १९८१ साली, घर जायची वेळ खरोखर आली होती. एक नाही, सगळं ताकिसावा. सगळ्यात वरचं, शेवटचं गाव. आदल्या हिवाळ्यात इत्सुयो तिथं दुसऱ्या दिवशी पोचली होती, लग्न लागून गेल्यावर आहेर आणावा तशी. तेव्हा ताकिसावातल्या बायकांची पुढारीण सुगीनो हिनं तोंडावर सांगितलं होतं, "बाई गं, तुझ्या सासूचं तोंड बघून गप्प बसलो. पुढल्या वर्षी दिवा लावायच्या आत आलीस तर तू. नाहीतर सोसायटीचा ट्रक आहेच, तो बर्फातल्या खोक्यांतून मासळी देतो म्हणतो."

म्हणूनच तर नवी गाडी घेतली होती. म्हणूनच बर्फ पडायच्या भीतीनं आदल्या दिवशीच निघून ती निम्म्या वाटेवरच्या तानाझावात मुक्कामाला आली होती. आणि आता गाडीत हाताहाताची खोकी, वर ताकिसावा, आणि मधे हा नांगर.

गेनपाचीनं थट्टा आवरती घेऊन किटली आणली. किनुएआजीनं दुसरी आणली. शेजारची माणसं आपापल्या किटल्या घेऊन आली. मागच्या दोन्ही चाकांना असं काही गरम पाणी घातलं की दिवाळीच्या पहाटेची आंघोळ झक मारली. वाफेत गाडी दिसेनाशी झाली. इत्सुयोनं चावी फिरवली. इंजिन खुशाल बोलू लागलं, गाडी मात्र नाकावर दाबून धरल्यासारखी पुढं वाकली आणि थांबली.

"अजून पाणी आणा."

अजून पाणी आलं. मागची चाकं आता किनुएआजीपेक्षा स्वच्छ झाली होती. गाडी ढिम्म.

"नवी गाडी म्हणे," गेनपाची गुडघ्यावर हात ठेवून पुटपुटला. "तोमेबाई पायी यायची, तिचे पाय कधी गोठले नाहीत."

हे मात्र इत्सुयोला झोंबलं. सासूनंही असंच काहीसं म्हटलं होतं.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा घरात आठवडाभर वाजलं होतं. तसा सुबारूवाल्यांशी त्यांचा घरोबा जुना. लढाईनंतर, विमानं करणाऱ्या कारखान्याला विमानं करायची बंदी झाली, तेव्हा त्या लोकांनी विमानाच्या शेपटीखालची उरलेली चाकं लावून स्कूटर काढली आणि तिला ससा हे नाव दिलं. तसली एक जुनी ससा स्कूटर इत्सुयोचा नवरा कानेझो चालवत असे. लग्न ठरायच्या आधी इत्सुयो तिच्यावर एकदा बसली होती, मागं मासळीचं खोकं आणि खोक्यावर ती. "मला तिच्या अंगाचा वास आवडला," कानेझो नंतर कैक वर्षं सांगायचा, "आणि मग कळलं, तो खोक्याचा होता."

पण ही मोटार महाग. त्सुरुओका शहरातल्या दुकानातला विक्रेता कुमागाई हा गडी बोलघेवडा. इत्सुयो गाडीच्या मागच्या भागात खोकी किती बसतील ते वितीनं मोजत होती आणि हा तिच्या मागं मागं फिरून पुराण सांगत होता.

"काकू, ही कशी झाली ऐका. वीज कंपनीची माणसं. हिवाळ्यात डोंगरातल्या तारा बघायला जायचं, तर जीप. जीप बर्फात जाते, पण आतला माणूस बर्फाचाच होतो. ती म्हणाली, आम्हाला जीपसारखी जाणारी आणि घरासारखी ऊबदार गाडी द्या. मग सेंदाइच्या आमच्या दुकानवाल्यांनी एक साधी गाडी उघडली, मागच्या चाकांनाही जोर दिला, आणि सोडली बर्फात. गेली! मग कारखान्यानंही मनावर घेतलं."

"हिचं मागचं दार वर उघडतं की आडवं?"

"वर, काकू. आणि इंजिन बघा. बाकीच्यांची उभी, हिचं आडवं, झोपलेलं. दोन दोन पिस्टन समोरासमोर, कुस्तीगिरांसारखे. म्हणून बसकं. म्हणून वळणावर कलंडत नाही. आवाज ऐका, दोको-दोको-दोको."

"माशाचं पाणी सांडलं तर खाली भोक आहे का?"

कुमागाई हिरमुसला, पण विझला नाही. घरी येऊन त्यानं तोमेलाही तेच पुराण ऐकवलं. म्हातारी कानानं अधू. "नाव काय म्हणालास?"

"सुबारू, आजी. आकाशातल्या सुबारू. पाच कंपन्या एकत्र येऊन एक झाली, म्हणून बिल्ल्यावर सहा तारे. एक मोठा, पाच लहान."

आता सुबारू म्हणजे आपल्या कृत्तिका. तो पुंजका उगवला की म्हाकुळासाठी गळ सोडायचा, हे तोमेला तिच्या बापानं शिकवलं होतं. तिनं बिल्ल्यावरून अंगठा फिरवला, तारे मोजले, आणि म्हणाली, "निदान नाव तरी आपल्या पाण्यातलं आहे. घ्या." तरी पुढं जोडलंच, "पाय स्वस्त पडतात, पण घ्या."

आता वाफेत उभं राहून इत्सुयोला कुमागाईचं सगळं पुराण उलटं-सुलटं आठवायला लागलं. तारे, विमानं, वीज, कुस्ती. आणि दुकानातून निघताना, ती पैशांच्या विचारात असताना, खिडकीतून तो काहीतरी ओरडला होता. बैलासारखं काहीतरी. "काकू, ही बैलाच्या जातीची. ओढते पुढून आणि धरायची पण पुढूनच. वेसण पुढं आहे हो!"

"भाऊजी!" ती ओरडली. "किटली पुढं आणा!"

"पुढं? अगं, हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. जगात सगळीकडं."

"जगात असेल. हिची वेसण पुढं आहे."

गेनपाचीनं किनुएआजीकडं पाहिलं. किनुएआजीनं आकाशाकडं. पण पाणी उकळलेलंच होतं. पुढच्या चाकांवर ते ओतलं, गेनपाचीनं लाकडी मोगरीनं दोन दणके घातले, इत्सुयोनं गाडी मागं-पुढं झुलवली. आतून खट्ट असा आवाज आला आणि गाडी अशी सुटली की किनुएआजीचा मुळ्याचा वाफा वाचला तो केवळ देवाच्या लग्नाचा दिवस म्हणून.

"म्हणजे सकाळपासून," गेनपाची रिकाम्या किटलीकडं बघत म्हणाला, "आम्ही हिचे पाय धुवत होतो, आणि दुखत होतं नाक."

दुपार कलायला लागली होती. तानाझावातली घरं वाटून इत्सुयो वर निघाली. देवळाच्या वळणापाशी ट्रकच्या चाकांच्या खुणा दिसल्या. साखळ्या बांधलेली चाकं वळणापर्यंत गेली होती, तिथं बर्फ खूप उकरलं होतं, आणि मग खुणा उलट्या फिरल्या होत्या. सोसायटीचा ट्रक येऊन परत गेला होता. पुढं रस्ता म्हणजे नुसता पांढरा कापूस, कडा कुठं आणि दरी कुठं ते रस्त्याकडेच्या लाल काठ्यांवरून ओळखायचं.

इत्सुयोनं गिअरशेजारचा तो दुसरा दांडा ओढला. आजवर नुसता पुसला होता, ओढला नव्हता. गाडीच्या पोटात काहीतरी जुळलं. मागच्या चाकांनी पुढच्यांच्या हातात हात घातला आणि ती बसकी, मासळीच्या वासाची गाडी दोको-दोको करत बर्फात शिरली. घसरली, सावरली, चढली. इत्सुयो गाडीशी बोलत होती, बैलाशी बोलावं तसं. चल गं, चल गं बाई. काचेवरचा एक वायपर सकाळीच मोडला होता, म्हणून ती डोकं बाहेर काढून चालवत होती, आणि भुवयांवर बर्फ धरलं होतं.

ताकिसावाच्या बायका दारात उभ्या होत्या. हॉर्न वाजवावा लागला नाही. डोंगरात तो आवाज गाडीच्या बराच आधी पोचतो. पुढं तर असं झालं की दोको-दोको ऐकू आलं की मांजरं आधी बाहेर यायची, मग ताटली घेऊन बायका. त्या दिवशी सुगीनो सगळ्यांच्या पुढं होती. तिच्या हातात काड्यापेटी.

"दिवा लावायच्या आत म्हटलं होतं," ती म्हणाली.

इत्सुयो घाईनं मागचं दार उघडायला धावली.

"म्हणून काडी हातात घेऊन उभी आहे केव्हाची," सुगीनो म्हणाली. "बोटं गोठली मेली. दे लवकर."

सगळ्या हसल्या. तेवढ्यावर घर राहिलं, गावही राहिलं. परत जाऊन इत्सुयोनं सासूला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंगणात कानेझोला तोमे दिसली. म्हातारी गाडीच्या पुढच्या चाकांवरचं मीठ कोमट पाण्यानं धूत होती. मागच्या चाकांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

ती गाडी पुढं कितीतरी हिवाळे चालली. तळ गंजून खालचा रस्ता दिसायला लागला तेव्हा इत्सुयोनं खोक्याची फळी टाकली आणि वर्ष काढलं. मोडीत देताना कुमागाई, आता टक्कल पडलेला, स्वतः न्यायला आला. "काकू, वास काही जायचा नाही हो हिचा." "मग नव्यातही घाल," इत्सुयो म्हणाली. त्यानंतर तिनं दोन सुबारू घेतल्या. चांगल्या होत्या. दांडा नाही, चारही चाकं आपापलं बघतात. शेवटचीचा आवाजही मऊ, दोको-दोको नाहीच. मांजरांना कळत नाही, अशी तिची तक्रार.

अर्थात मांजरंही उरली नाहीत. ताकिसावा एकेक घर करत उतरलं, कुणी त्सुरुओकाला, कुणी सेंदाइला मुलाकडं. सुगीनो गेली. हाताहाताही मधली काही वर्षं इतकी आटली की शेजारच्या आकितात ती धरायलाच बंदी आली. आता इत्सुयो पंच्याऐंशीच्या घरात आहे. गाडी सुनेनं हाती घेतली आहे. सुनेला ताकीद एकच दिली आहे, आणि ती हँडब्रेकची नाही. आताच्या गाड्यांत तो बटणावर आला आहे, त्याला वेसण कुठली. ताकीद आहे ती द्यायच्या राहिलेल्या एका मासळीची.

गाडी गोठली होती त्या दिवशी ताकिसावात मासळी वाटता वाटता सगळ्यात शेवटचं घर आलं ते यासाबुरोचं. एकटा म्हातारा, लाकूडतोड्या. खोक्यात गाबोळीची एकच हाताहाता उरली होती. त्या साली मासळी आधीच कमी लागली होती. यासाबुरोनं दोन बोटं वर केली. "एक माझी, एक हिची," तो आत देव्हाऱ्याकडं मान हलवून म्हणाला. बायको त्याच उन्हाळ्यात गेली होती.

"आज एकच आहे हो," इत्सुयो म्हणाली. "एक माझ्याकडं उधार राहिली."

"राहू दे. तिला घाई नाही."

बर्फ वितळल्यावर, ती एक द्यायच्या आतच, मुलगा येऊन त्याला सेंदाइला घेऊन गेला. आता इतक्या वर्षांनी, मागल्या डिसेंबरात, सून म्हणाली, "आई, थंड खोक्यातून पाठवता येतं आता कुठंही. त्याच्या मुलाचा पत्ता शोधून काढू का?"

"खोक्यातून?" इत्सुयो म्हणाली. "मासळी दारात द्यायची असते. दार सापडलं तर सांग, मी येते."

सून दार शोधते आहे. ती एक हाताहाता अजून द्यायची राहिली आहे.