मिस नारपोलीसाठी मी दिलेला लढा

आधी हातातला चहा संपवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही, आणि शेवटी तोंड कडू झालं तर तेव्हाही नाही.

पत्रकारितेत मी घोडचुका पुष्कळ केल्यात. एका आमदाराच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव छापलंय. टाकीत पाण्याचा थेंब नसताना 'पाणीप्रश्न सुटला' असा मथळा दिलाय. पण त्या चुका खुलासा छापून मिटतात. ही मिटली नाही.

मिस नारपोली तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. हिरवा टिकल्यांचा गाऊन, छातीवर आडवा पट्टा, त्यावर 'मिस नारपोली' आणि पहिलंच वाक्य, "स्पर्धेत मी एकटीच होते, तरी दुसरा नंबर आला." गाऊनच्या आतला माणूस म्हणजे शेलार गावचा बळीराम. शेतकऱ्याचं पोर. गावच्या नाटकात मुलगी मिळेना म्हणून त्याला लुगडं नेसवलं. नाटक संपल्यावर सगळ्यांनी रंग उतरवले. हा म्हणायचा, "मी पण उतरवला. पण मन लागंना, म्हणून परत लावला."

पुढे तो भिवंडीतल्या नारपोलीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागला. शिफ्ट बदलताना शेठाणीची नक्कल करायचा, आणि सुटलेले कामगार घरी न जाता थांबायचे. तिथून ऑर्केस्ट्रा, तिथून मुंबईतल्या हॉटेलांतले कॅबरे. दोन नाचांच्या मधे नाचणाऱ्या मुली कपडे बदलेपर्यंत बळीने हसवायचं. होता होता असं झालं, की लोक नाच संपायची वाट बघायला लागले.

मालिकावाल्यांनी मात्र या माणसाचं काय केलं? पार्लरवाला, ड्रेसवाला, नवरीचा मेकअपवाला. प्रत्येक वेळी मनगट वाकडं करायला लावायचे. त्यावर हा म्हणायचा, "माझं मनगट सरळच हाय. कांड्या भरून दुखतं, तेवढंच." मला अजून संताप येतो. एवढा नट, आणि तुम्हाला त्याचं फक्त मनगट दिसलं?

अलीकडे मुंबईतल्या तरुण मुलांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. क्लबांत कार्यक्रम, रील्स, मुलाखती. राहायला मात्र तो नारपोलीतच, अन्वरभाईंच्या दुकानावरच्या खोलीत. अन्वरभाई टेलर. लूमवर काम करायला उत्तरेतून आले, शिवणकामात रमले, आणि बळीचा प्रत्येक गाऊन त्यांनीच शिवला. दोघं जन्मभराचे सोबती. आजूबाजूचे लोक त्यांना मालक आणि भाडेकरू समजायचे, निदान तसं समजत असल्याचं दाखवायचे.

तर या बळीचा भिवंडीत पहिला मोठा कार्यक्रम ठरला. केणीशेठच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. बोर्ड लागला. त्याची-माझी कित्येक वर्षांची दोस्ती, म्हणून मी खुशीत. आणि एका सकाळी बघते तर बोर्डावर आडवी पट्टी: कार्यक्रम रद्द.

माझं डोकंच फिरलं. तशीच केणीशेठच्या ऑफिसात शिरले.

"शेठ, कार्यक्रम रद्द का?"

"अडचण हाय थोडी."

"कुणाची?"

"ताई, चहा घेता?"

"चहा नको. नाव सांगा."

"नाव न्हाय सांगता येणार. शब्द दिलाय."

आता तुम्हीच सांगा, आयुष्य बातमीदारीत घालवलेल्या बाईला 'शब्द दिलाय' म्हटल्यावर ती काय समजेल?

"म्हणजे दबाव आहे."

"दबाव न्हाय हो."

"दबाव नसता तर नाव सांगितलं असतं."

केणीशेठ हळूच म्हणाले, "तुम्ही एकदा बळीलाच विचारा ना."

"त्याला कशाला? त्या माणसाला आधी कमी त्रास झालाय का?"

हे वाक्य मी असं काही ठसक्यात म्हणाले, की शेठ गप्पच झाले. मला वाटलं, निरुत्तर झाले.

तरी मी फोन केला, नाही असं नाही. अन्वरभाईंनी उचलला. "वो सो रहे हैं, बहेनजी. जाने दीजिए ना ये बात." आवाज दबलेला. बस, माझी खात्रीच पटली. घाबरलेत बिचारे.

दुसऱ्या दिवशी माझा मथळा: 'मिस नारपोलीचा आवाज कोणी दाबला?' नगरसेवकांना विचारलं. ते म्हणाले, मी कुठलाच दबाव आणला नाही. मी छापलं, 'नगरसेवकांकडून दबावाचा इन्कार'. पोलिसांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे तक्रार नाही. मी छापलं, 'पोलीस अद्याप अनभिज्ञ'. बघा कसं असतं. कुणी नाही म्हटलं की तो माझा पुरावा, आणि कुणी गप्प बसलं की तो त्याहून मोठा पुरावा.

आणि मग संस्कृतिरक्षक तरुणांच्या एका संघटनेच्या म्होरक्याचा फोन आला.

"मॅडम, हा कार्यक्रम कधी होता? आम्हाला कळवलंच नाही कुणी."

"का, काय करणार होता?"

"विरोध करायला पाहिजे होता ना. तुमचं वाचलं तेव्हा कळलं."

"मग करा विरोध. निवेदन द्या, छापते."

त्यांनी दिलं, मी छापलं. आणि ऑफिसात सगळ्यांना ते पान दाखवत फिरले. म्हटलं होतं ना मी, विरोध आहे म्हणून? तो माझ्या बातमीतूनच जन्माला आलाय, हे कळायला जी अक्कल लागते ती त्या आठवड्यात रजेवर होती.

मुंबईहून सप्तरंगी झेंडे घेऊन मुलंमुली आली. हॉलसमोर घोषणा सुरू झाल्या. शिफ्ट सुटलेले कामगार थांबले. "अपने बळीभाई का प्रोग्राम बंद किया? किसने?" सगळे केणीशेठकडे बघायला लागले. शेवटी शेठ हात जोडून बाहेर आले आणि म्हणाले, "होईल कार्यक्रम. होईल." चेहरा असा, जणू पोटच्या पोराला दगा देतायत. मी त्याचा अर्थ लावला, हरल्याचं दुःख.

पेढे घेतले आणि थेट नारपोली गाठली.

अन्वरभाई मशीनवर होते. वीज तोडायला आलेल्या माणसाला म्हणावं तसं "आइए" म्हणाले आणि परत टाके घालायला लागले. वर बळी पलंगावर बसला होता, लुंगी आणि बनियन.

"काय गो, जिंकलीस म्हणे?"

"आपण जिंकलो."

"आपण न्हाय, तू. कार्यक्रम मीच रद्द केला व्हता."

मी हसले. त्याच्या बोलण्यावर हसायची सवयच होती ना.

"खरंच सांगतोय. मीच केणीकडनं शब्द घेतला, कुनाला बोलू नको म्हनून."

पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. मग त्याने सांगितलं. मुंबईच्या एका क्लबात त्याने दुसऱ्या नंबराचा विनोद सांगितला. लोक हसले. थोड्या वेळाने तोच विनोद परत सांगितला. लोक परत हसले, त्यांना वाटलं मुद्दामच. "आन मना वाटत व्हतं, मी पयल्यांदाच सांगतेय. गाडीत अन्वर बोलला तेव्हा कळलं." गाऊनमध्ये असला की तो आली-गेली म्हणायचा आणि लुंगीत आलो-गेलो. त्या दिवशी मात्र दोन्ही मिसळत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"इंग्लिश नाव सांगितलं आजाराचं. ते मी विसरले."

मी हसायचं की नाही, हे मला समजेना. त्यानेच सोडवलं.

"हे बघ. शेलारची मानसं माझ्यावर मी एवढासा व्हतो तवापासून हसतात. मी त्यातनं कसा सुटलो, ठाव हाय? मी ठरवायला लागलो, त्यांनी कवा हसायचं ते. तेवढंच माझं कमावलेलं. आता ते हातात राह्यलं न्हाय. मुंबईत चालून जाईल. इथं, माझ्या मानसांसमोर, मना न्हाय चालायचं. म्हनून गुपचूप थांबायचं व्हतं."

"मग परत रद्द करू," मी म्हणाले. "मी लिहिते तसं."

अन्वरभाई जिन्यात येऊन उभे होते. तेच बोलले. "अब कैसे, बहेनजी? अब रद्द किया तो वो लड़के मिठाई बाँटेंगे. सब यही कहेंगे कि डर गया."

बळीने माझ्या हातातला पुडा घेतला, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "चांगला हाय. आता खायलाच लागंल."

मी म्हणाले, मी विंगेत उभी राहते. संहिता हातात धरते. अडलास की शब्द देते. एवढं तरी मला करू दे.

रविवारी हॉल भरून वाहत होता. पहिल्या रांगेत शेलारची माणसं, त्यात त्याचा थोरला भाऊ, जो नारपोलीच्या त्या खोलीत कधीच आला नव्हता. निषेधवाले बाहेर पोलिसांच्या गराड्यात. त्यांचा म्होरक्या मात्र आत, मधल्या खुर्चीवर. म्हणाला, विरोध करायचा तर ऐकायला नको का?

बळी आला. टाळ्या. पहिला विनोद झाला, दुसरा झाला, शेठाणीची नक्कल सुरू झाली. शेठाणी लूमवर पाहणीला येते, कामगारांना विचारते, हे मशीन एवढा आवाज का करतं? आणि बळी थांबला. हात तसाच वर. डोळे माझ्याकडे.

मला एकच ओळ द्यायची होती. पुढची ओळ. मी घाईघाईने पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. वाचलं ते शेवटचं वाक्य, ज्यावर लोक हसायचे ते. आणि माझ्या तोंडासमोर निवेदकाचा चालू माईक होता.

"कारण ते तुमच्या शेठांना ओळखत नाही!"

अख्ख्या हॉलने ऐकलं. कुणी हसलं नाही. बळी सावकाश माझ्याकडे वळला.

"बघा," तो लोकांना म्हणाला, "ही पत्रकार. बातमी पिकायच्या आत फोडते."

हॉल फुटला. त्याने मला हाताला धरून मंचावर ओढलं. "हिनं माझ्यासाठी अख्खी भिवंडी उठवली. नगरसेवकाला विचारलं, पोलिसाला विचारलं, केणीचा घाम काढला. फक्त मना विचारायचं राह्यलं. मी कार्यक्रम का रद्द केला? मना विसरायला होतं, म्हनून. काय काय विसरले ते विचारू नका. ते पन विसरले."

लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. म्होरक्यासुद्धा. मी मंचाच्या मधोमध, हातात संहिता, साडीला सेफ्टी पिनने अडकवलेलं पत्रकाराचं ओळखपत्र. कधी हसायचं ते पुन्हा तोच ठरवत होता. पहिल्या रांगेतला त्याचा भाऊ तेवढा हसला नाही. तो मान खाली घालून बसला होता.

तो त्याचा शेवटचा कार्यक्रम.

परवा नारपोलीला जाऊन आले. बळी आता खाली दुकानातच बसतो, मशीनच्या आवाजाजवळ. अन्वरभाईंनी विचारलं, "पहचाना? बहेनजी आई हैं." त्याने नीट बघितलं. "बसा," म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी काहीबाही बोलत बसले. जरा वेळाने त्याचे डोळे चमकले.

"एक गंमत सांगू? एक पत्रकारीनबाई व्हती."

आणि त्याने सगळं सांगितलं. केणीशेठ, मथळे, झेंडे, पेढे, माईक. एक शब्द इकडचा तिकडे नाही. जिथे थांबायचं तिथे थांबत होता. अन्वरभाई पाय न हलवता मशीनवर बसून ऐकत होते. फक्त एके ठिकाणी ती बाई केणीशेठच्या टेबलावर चढली आणि तिथून ओरडली.

मला राहवलं नाही. "टेबलावर नव्हती हो चढली ती."

त्याने माझ्याकडे रोखून बघितलं.

"तुमी व्हत्या का तिथं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग ऐका गपचूप. ती पन तुमच्यासारखीच व्हती. विचारायच्या आधी बोलायची."