एका घरातले दोन अप्रेंटिस

आप्पा गेले त्या दुपारी मी काउंटरवर होते. जेवणाच्या सुट्टीनंतर आमच्या डोंबिवलीच्या शाखेत गर्दी उसळते. समोर एक बाई आपल्या खात्याला मुलीचं नाव नॉमिनी म्हणून लावायला आल्या होत्या. ड्रॉवरमधला फोन थरथरायचा थांबेना, तेव्हा उचलला. नवरा एवढंच म्हणाला, "प्रज्ञा, आप्पा गेले गं..." फॉर्म अर्धा भरून झाला होता. मी तो पूर्ण केला, बाईंची सही घेतली, पोच दिली आणि मग उठून मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. नंतर कुणीकुणी विचारलं, सासरे गेल्याचं कळूनही फॉर्म भरत बसलीस? हातातलं काम अर्धं टाकून उठायचं नाही हे मला आप्पांनीच शिकवलं होतं. नेमकं त्या दिवशी ते मोडलं असतं, तर त्यांनाच आवडलं नसतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कोलशेतचे जुने रहिवासी, आगरी. त्यांच्या वडिलांचा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेला. आप्पा मात्र शाळा संपल्यावर तिथल्याच एका कारखान्यात शिरले, फिटर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी विठ्ठलवाडीच्या चाळीतली, बौद्ध घरातली. आमचं लग्न आम्ही दोघांनी ठरवलेलं. सासरी मला कुणी वाईट बोललं नाही, पण सगळे जपून बोलायचे... आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, माझं बोलणं स्वयंपाकघरापुरतं. मीठ घातलं का, भात उतरवला का, एवढंच. घरात सुनेची जागा होती, ती मला मिळाली होती. पण त्या जागेवर बसलेली मी कोण, याची चौकशी कुणी करत नव्हतं.

एका मोठ्या बँकेत अप्रेंटिस घेणार असल्याची जाहिरात आली तेव्हा माझी मुलगी ओवी दोन वर्षांची होती आणि माझं वय त्यांच्या अटीत जेमतेम बसत होतं. पुढच्या वर्षी बसलं नसतं. निवड झाली, ठाण्याची शाखा मिळाली, आणि एका रात्री जेवताना मी घरात सांगितलं. आई ताटाकडे बघत म्हणाल्या, "घरान काय कमी हाय? वरीसभर कोनाच्या हाताखाली राबाचं, आनि नोकरी पन नाय?" नवरा म्हणाला, "बघ बाबा, नंतर परमनंट करतातच असं नाही." खरंच होतं ते. आप्पांचा घास मात्र हातातच राहिला. "अप्रेंटिस?" ते म्हणाले. "मी पन अप्रेंटिस व्हतू." लोक 'मी सरपंच होतो' म्हणून सांगतात ना, अगदी त्या थाटात. मग आईंकडे वळून म्हणाले, "जाऊं दे तिला. ओवीला मी बगतंय." निवृत्त झालेला, मिशा राखणारा तो माणूस दुसऱ्या दिवसापासून नातीला वरणभात भरवायला लागला. गल्लीतले त्यांचे दोस्त हसायचे. त्यांना आप्पा म्हणायचे, "हसा. तुमची सून हाय का अप्रेंटिस?"

संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले की आप्पा दारापुढच्या ओट्यावर बसलेले असायचे. दमलीस का, उशीर का झाला, पैसे कधी हातात येणार, यातलं काही नाही. एकच प्रश्न. "आज हातान काय दिलं?" म्हणजे आज साहेबांनी कुठलं काम हातात दिलं. पहिल्या दिवशी मी उत्साहानं सांगितलं, पासबुकं छापायला दिली. दुसऱ्या दिवशी पासबुक. पुढच्या आठवड्यात पासबुक. मशीन अडकायचं, पान वाकडं जायचं, लोक माझ्यावर ओरडायचे. शिपाईसुद्धा "ए अप्रेंटिस" अशी हाक मारायचा. माझ्याबरोबर लागलेली एक मुलगी सोडून गेली. तीन महिने झाले तरी मी त्या मशीनपुढेच. एका संध्याकाळी आप्पांनी विचारलं आणि मी फाटकन बोलले, "पासबुक! दुसरं काय देणार? सोडतेय मी, आप्पा. आई म्हणत होत्या तेच खरं."

आप्पा उठून आत गेले आणि कपाटातून एक लोखंडी तुकडा घेऊन आले. तळहातावर मावेल एवढा, चौकोनी, हाताळून हाताळून काळसर झालेला. "मना पयले तीन महिने नुसती कानस दिलती," ते म्हणाले. "घास आनि दाखव. घास आनि दाखव. मशीनला हात लावाचा नाय." कानशीनं घासून हा तुकडा चारी बाजूंनी सरळ करायचा, मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला की नापास. त्यांनी गुण्याही आणला होता. तो लावून तुकडा त्यांनी ओट्यावरच्या दिव्यासमोर धरला. मी डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हटलं, "आप्पा, कोपऱ्यात दिसतोय की उजेड." मला वाटलं, इतक्या वर्षांनी झिजला असेल. तर म्हणाले, "दिसनारच. यो नापास झालेला. सायबानी फेकून दिलता. मी उचलला आनि दुसरा केला. तो पास झाला, तो कंपनीन ऱ्हायला." आणि तुकडा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मी तवा मिठागरान परत गेलू असतू ना पोरी, तर चाललं असतं. कोन काय बोललं नसतं." गुण्या उचलून मांडीवर घेतला. "म्हनून नाय गेलू."

मी दुसऱ्या दिवशी बस पकडली. कसली जिद्द वगैरे नव्हती, आप्पांना 'नाही' सांगायची हिंमत नव्हती इतकंच. पण त्या दिवशी पासबुक छापता छापता शेजारच्या मॅडमना म्हटलं, तुमचं जेवण होईपर्यंत हे केवायसीचे कागद लावून ठेवू का? त्यांनी मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग हळूहळू खातं उघडणं आलं, चेक आले, लॉकरचं काम आलं. ओट्यावरच्या उत्तरांची लांबी वाढत गेली. आप्पांना केवायसी म्हणजे काय याचा पत्ता नव्हता, पण ते विचारायचे, "चुकलीस कुठं?" आणि मी सांगितलं की समाधानानं मान हलवायचे. न चुकल्याचं सांगितलं, तर संशयानं बघायचे.

एकदा तर स्वतःच शाखेत अवतरले. पांढरा शर्ट, हातात पासबुक, आणि रांगेत शेवटी उभे. मी खुणावलं, पुढे या. बघितलं न बघितल्यासारखं केलं. नंबर आल्यावर काचेतून पासबुक सरकवून म्हणाले, "मॅडम, जरा छापून द्याल का?" मी हळूच म्हटलं, "आप्पा, अहो..." तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, पाठी लाइन हाय." छापून दिलं. पान सरळ आहे का ते त्यांनी उजेडाकडे धरून पाहिलं आणि मागच्या माणसाला सांगितलं, "सून हाय माजी. अप्रेंटिस हाय." अख्ख्या शाखेला ऐकू गेलं.

या शब्दाची मला लाज वाटायची आणि त्यांना त्याचाच अभिमान. एका हळदीला नातेवाईक बायका जमल्या होत्या, आई कुणाला तरी सांगत होत्या, "सून ब्यांकेन नोकरीला हाय." आप्पा मांडवातून ओरडले, "नोकरी नाय गो! अप्रेंटिस. शिकतंय ती!" आई खजील, मी लालेलाल. पण घरी येताना आई रिक्षात पुटपुटल्या, "शिकतंय म्हन... येवढं वरडायचं?" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना माझ्यासमोर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वर्ष संपलं. बँकेनं प्रमाणपत्र दिलं, नोकरी दिली नाही. मी परीक्षा दिली, पडले, पुन्हा दिली. एका दुसऱ्या बँकेत क्लार्क म्हणून निवड झाल्याचं सांगितलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. आप्पाच काहीसे हिरमुसले. "मंग आता अप्रेंटिस नाय तू? आता तुला शिकवनार कोन?" मी म्हटलं, "तुम्ही आहात की." त्यावर मात्र खूश झाले. शेवटच्या आजारपणात आवाज खोल गेला होता, पण मी उशाशी बसले की ओठ हलायचे, आणि काय विचारताहेत ते मला न ऐकताच कळायचं.

तो तुकडा आता माझ्या काउंटरवर असतो, सुट्या स्लिपा उडू नयेत म्हणून. नवीन अप्रेंटिस आले की त्यांना मी तो आप्पांचा म्हणून दाखवते. नापास झालेला आहे हेही सांगते.

कार्य वगैरे आटोपल्यावर कामावर रुजू झाले, त्या संध्याकाळी बसमधून उतरून गल्लीत वळले. ओटा रिकामा असणार होता... तो रिकामा नव्हता. आप्पांच्या जागेवर आई बसल्या होत्या, पुढ्यात सूप घेऊन सुकट निवडत. मी चप्पल काढली. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज हातान काय दिलं गो?"

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"सांग ना," आई म्हणाल्या. "त्यांना सांगायचीस ना रोज? मी आतून ऐकत व्हती."