खडू फासणारा मिस्त्री

धुळ्याच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. आमच्या जुन्या गाडीसाठी मुलाने त्याच गाडीच्या नव्या सालाची ब्रेकची डिस्क आणली होती. ती बरोबर बसली. नातीच्या बारशाला रावेर गाठायचं होतं, म्हणून मी निघायला उठले.

मिस्त्रीने डिस्कला खडू फासला. मुलाला ब्रेक हलकेच दाबायला लावून चाक हाताने फिरवलं. ब्रेकचं पॅड घासून खडू अर्ध्याच भागावरचा पुसला गेला. त्याने सगळं परत खोललं.

"बसली ना? मग खोलतोस कशाला?" मी खेकसले.

"अक्का, बसनी शे, पण अर्धीच धरस."

बारसं हुकलं. संध्याकाळी जुन्या सालाची डिस्क मिळाली, तेव्हाही त्याने आधी खडूच घेतला. या वेळी मी कुणी न सांगता बसून राहिले.