पिक्चरमधली बाई

मला भुताच्या पिक्चरचा भारी नाद. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हापासून दुपारची भांडी आवरली की मोबाइल भिंतीला टेकवायचा आणि धाकट्या जावेला शेजारी ओढून बसवायचं. ती पदर तोंडात धरून बघायची, मी हसायचे. 'घाबरट कुठली! आता बघ, बाई केस सोडणार.' आणि ती सोडायचीच. पिक्चरमधल्या बाईला दुसरं काम काय? न्हायचं, केस सोडायचे, घुमायचं. नवरा आधी 'असं काही नसतं' म्हणणार, मग टॉर्च घेऊन तोच तिला वाचवणार. मेला एकदा तरी विचारेल तर शपथ, की बाई, तुला होतंय काय?

जाऊ बाळंत झाली. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण मीच केलं. बारसं झालं आणि तिची झोपच उडाली. भिंतीकडे बघत बसायची, हाक मारली तरी दचकायची. एका दुपारी मी तिला न्हाऊ घातलं, केस मोकळे केले, बाजेखाली ओवा-शेपांची धुरी ठेवली. बाळ तिच्याकडे देऊन वळले, तर धुरातून घोगरा आवाज आला, 'ह्याला घेऊन जा. माझ्या हातून काहीतरी होईल.'

अंगावर सर्रकन काटा आला. धुरी मीच ठेवलेली, केस मीच सोडलेले, तरी मी बाळ हिसकावलं आणि बाहेरून कडी घातली.

दीर ओट्यावर होता. ऐकून त्याचा चेहराच उतरला. 'वहिनी, तिले बाहेरचं काहीतरी लागेल शे,' म्हणाला आणि शिरपूरकडच्या एका भगताला फोन लावायला लागला. सासूबाईंनी मीठमोहऱ्या काढल्या. याच सासूबाईंच्या अंगात कानबाईच्या सणाला देवी येते. केस सोडून घुमतात, आणि आम्ही सगळे त्यांच्या पाया पडतो. आठवलं मला ते, पण मी बाळाला थोपटत राहिले.

बाळ भुकेनं रडून लालबुंद झालं. भगत निघाला, असा फोन आला. पिक्चरमध्ये भगत आल्यावर काय होतं ते मला पाठ होतं. मिरच्यांची धुरी, चाबूक, केसांना धरून फरफट. देवा, हे काय करून बसले मी!

तेवढ्यात आतून दार हळूच वाजलं. मी कडी काढली. जाऊ दारातच उभी होती. ओले केस तिनं बाळाच्या टोपड्याच्या नाडीनं इतके आवळून बांधले होते की कपाळाची कातडी ताणली होती.

'ताई, हात कापतात हो माझे. पडेल म्हणून म्हटलं मी. तुम्ही खालून धरा, मी पाजते,' ती म्हणाली. 'बघा ना, केस बांधलेत मी.'